मुलींची सायकल : फुटपाथवरून की रस्त्याने?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



या वर्षी वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आजवर या मंडळात मी रांगोळ्या काढल्या, चहापाण्याचे पाहिले, भिशीचा हिशेब ठेवला. पण माईकपुढे कधी उभी राहिले नाही. त्यावर चिटणीसबाई म्हणाल्या, "मागच्या सभेत सायकलीवरून तुम्ही एवढ्या तावातावाने बोललात, तेच उभे राहून सांगा म्हणजे झाले." मग मला नाही म्हणता येईना.

मागच्या सभेतला तो वाद आपणां सर्वांना आठवत असेल. सकाळी देवीला आणि फिरायला जाणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्या भगिनींची तक्रार होती की, शिकवणीला जाणारी पोरे फुटपाथवरून सायकली दामटतात, जीव मुठीत धरून चालावे लागते. त्यावर मुलांच्या आया म्हणाल्या, "मग काय ट्रकखाली घालायची लेकरे?" दोन्ही बाजूंचा आवाज चढला आणि चिवडा तसाच राहिला. त्या दिवशी मी आयांच्या विरुद्ध बोलले, म्हणून काहींना माझा राग आला. मी स्वतः आई असून असे का बोलले, हे आज सांगते. त्यात माझीच चूक आधी सांगावी लागेल.

२०२३ सालच्या नवरात्रातली गोष्ट आहे. माझी धाकटी मुलगी तेव्हा नववीत होती. त्याच वर्षी तिला सायकल घेऊन दिली होती. पहाटे सहाची शिकवणी. राजापेठेकडून राजकमल चौकाकडे जाताना त्या वेळीही ट्रॅव्हल्सच्या गाड्या आणि ट्रक असतात. मी रोज दारात उभी राहून तिला एकच सांगत असे, "रस्त्यावर उतरू नको, फुटपाथवरून जा." आईच्या मनाला तेवढाच धीर. चौथ्या माळेला ती अशीच निघाली. समोरून आपल्या मंडळातल्या एक आजी हातात ओटीचे सामान घेऊन अंबादेवीला चालल्या होत्या. अंधार पुरता फिटला नव्हता. मुलीने घंटी वाजवली, ब्रेकही दाबला. पण सायकल लागायची ती लागलीच. आजी पडल्या आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. नऊ दिवसांचा उपास करणारी ती माउली, पुढचे पाच दिवस सुनेच्या हाताने पाणी प्यायली.

मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले ती खालमानेने. वाटले होते, चार शब्द ऐकावे लागतील. पण आजी म्हणाल्या, "पोरीले काही बोलू नका बाई. ते पोरगी घंटी वाजवत होती, मले आयकूबी आली. पन मी सरकू कोठी? इकून भित, तिकून मोटर उभी."

भगिनींनो, या एका वाक्याने माझे डोळे उघडले. रस्त्यावरच्या माणसाला बाजूला व्हायला फुटपाथ असतो. फुटपाथवरच्या माणसाला बाजूला व्हायला काय असते? काहीच नाही. तीच त्याची शेवटची जागा. आणि त्या जागेवर मी माझ्या मुलीला चाकांवर बसवून पाठवत होते.

घरी वेगळेच सुरू झाले. दिरांनी सांगितले, "बंद करा ती सायकल." कोणी म्हणाले, शिकवणीच सोडवा, घरी बसून अभ्यास होतो. मुलगी तर भीतीने सायकलकडे पाहीना. मी मात्र या गोष्टीला कबूल झाले नाही, आणि त्याचे कारण जुने आहे.

माझे माहेर अकोल्याच्या बाजूला, बोरगाव मंजूजवळ एका खेड्यात. गावातली शाळा सातवीपर्यंत. १९९२ साली मी सातवी पास झाले. आठवीची शाळा हायवेच्या पलीकडे. तेव्हा त्याला सहा नंबरचा हायवे म्हणत, आज तो त्रेपन्न नंबरचा आहे. मुंबई-कोलकात्याचे सारे ट्रक तेथूनच जायचे. माझ्या भावाला सायकल मिळाली आणि तो गेला. मला बाबा म्हणाले, "हायवेवरून पोरगी कशी धाडू?" बाबा वाईट नव्हते. हंगामात ते स्वतः त्याच हायवेने सायकलवर अकोल्याला जिनात कामाला जात, मागून ट्रकचा भोंगा आला की डांबर सोडून मातीच्या साईडपट्टीवर उतरत. रोज जे भय ते पाहत होते, त्यात त्यांना मला लोटायचे नव्हते. पण झाले काय, तर माझी शाळा तेथे संपली. तेव्हापासून मला एक कळले आहे. रस्ता वाईट असला की मुलाला सायकल मिळते आणि मुलीला घर मिळते. म्हणून सायकलीचा हा प्रश्न मला लहान वाटत नाही. आता मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी सरकारकडून पैसे मिळतात. चांगलेच आहे. पण सायकल देऊन भागत नाही, ती चालवायला रस्ता पाहिजे.

मग मी जरा चौकशी केली. माझा भाचा कोर्टात वकिली करतो. त्याला विचारले, "कायदा काय म्हणतो रे?" त्याने सांगितलेले मी लिहून आणले आहे. आपल्या राज्याचा १९५१ सालचा पोलीस कायदा आहे. त्यात वाहन या शब्दात सायकलही धरली आहे. वाहनाने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालावे. आणि फुटपाथवर कोणतेही जनावर किंवा वाहन चालवू नये, नेऊ नये, सोडून ठेवू नये. सूट आहे ती फक्त लहान मुलांच्या बाबागाडीला. म्हणजे कायद्याच्या लेखी फुटपाथवर तान्ह्या बाळाचे चाक चालते, मोठ्यांचे नाही. पुढे मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, चालायला नीट फुटपाथ मिळणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातला, म्हणजे जगण्याच्या हक्कातला भाग आहे.

यावर माझ्या मैत्रिणींचे जे म्हणणे आहे ते मी नीट मांडते, कारण ते खरे आहे. त्या म्हणतात, "फुटपाथवर सायकल लागली तर हात मोडेल, रस्त्यावर ट्रक लागला तर लेकरू जाईल. हात मोडलेला बरा की नाही?" याला उत्तर देणे सोपे नाही. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. पण याच आकड्यातला दुसरा आकडाही पाहा. त्यांतली ३२,८२५ माणसे पायी चालणारी होती. गाडी नाही, सायकल नाही, नुसते आपल्या पायांनी चालणारे. ही माणसे रस्त्यावर का आली असतील? पुष्कळ ठिकाणी त्यांना चालायला दुसरी जागाच नसते. आपण सायकली फुटपाथवर चढवल्या की फुटपाथवरची म्हातारी माणसे खाली उतरतात. म्हणजे मुलीवरचे संकट आपण टाळले नाही, आजीवर ढकलले.

दुसरे असे की, फुटपाथवरून सायकल सुरक्षित असते हा समजही पुरा खरा नाही. आपले फुटपाथ सलग असतात का? दहा पावलांवर खांब, मग विजेची पेटी, मग कोणाच्या घराचे फाटक. प्रत्येक ठिकाणी पोरगी खाली उतरते, पुन्हा वर चढते. उभ्या गाडीमागून ती एकदम रस्त्यावर येते तेव्हा गाडीवाल्याला ती आधी दिसलेलीच नसते. फाटकातून गाडी बाहेर काढणारा रस्त्याकडे पाहतो. फुटपाथवरून वेगाने कोणी येईल हे त्याच्या मनातही नसते. जी सायकल सरळ डाव्या कडेने चालते, ती मागच्याला दुरून दिसते.

तिसरे मापाचे. रस्ते बांधणाऱ्या इंजिनिअरांची इंडियन रोड्स काँग्रेस म्हणून संस्था आहे. तिने ठरवले आहे की फुटपाथ निदान १.८ मीटर, म्हणजे आपले चार हात, मोकळा पाहिजे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मी हाताने मोजून पाहिले. खांब आणि कुंड्या सोडून दोन हात उरतात. सायकलचे हँडलच सव्वा हाताचे. उरलेल्या पाऊण हातात पिशवी घेतलेल्या आजींनी कसे मावावे?

बाहेरच्या देशांत काय करतात, तेही मुलीकडून वाचून घेतले. जर्मनीत आठ वर्षांखालच्या मुलाने फुटपाथवरूनच सायकल चालवायची असा नियम आहे, दहा वर्षांपर्यंत चालवली तरी चालते. त्यापुढे खाली उतरायचे. जपानात काही फुटपाथांवर तशी पाटी लावून सायकलला परवानगी देतात, पण तेथे पहिला मान चालणाऱ्याचा. मला सगळ्यांत विचार करायला लावले ते हॉलंडने. आज तेथे पोरेबाळे, म्हातारी, सारी सायकलवर. पण हे पहिल्यापासून असेच नव्हते. १९७१ या एका वर्षात त्या लहानशा देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे गेली आणि त्यांत चारशेंच्या वर लहान मुले होती. तेव्हा तेथले आईबाप रस्त्यावर उतरले, मुलांचे हे मरण थांबवा म्हणून त्यांनी चळवळ केली. पुढे सरकारला गाड्यांचा वेग कमी करावा लागला आणि सायकलींसाठी वेगळ्या वाटा बांधाव्या लागल्या. लक्षात घ्या, त्या आयांनी मुलांना चालणाऱ्यांच्या अंगावर घातले नाही. त्यांनी गाड्यांना आवरले.

तेव्हा माझे मत थोडक्यात असे. पाचवी-सहावीपर्यंतच्या लेकराला फुटपाथवरून जाऊ द्यावे, मात्र माणसाच्या चालीने आणि मोठे कोणी सोबत असताना. त्याचे पाय अजून टेकत नाहीत, त्याला रस्त्याचा अंदाज नाही. कायद्याने त्याला सूट दिलेली नाही, ती द्यायला पाहिजे असे मला वाटते; जर्मनीने दिलीच आहे. पण पुढच्या मुलांमुलींनी सायकल रस्त्यावरून, डाव्या कडेने चालवावी. फुटपाथ पायांचा.

हे मी सगळ्याच रस्त्यांबद्दल म्हणत नाही. हायवेवर माझा हा नियम चालत नाही. जून २०२२ मध्ये आपल्या अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचा एका लेनचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. तो रस्ता माझ्या माहेराच्या बाजूचा, म्हणून मलाही अभिमान वाटला. पण मनात आले, एवढे मोठे काम आपण साडेचार दिवसांत करू शकतो, तर शाळेच्या वेळेला सायकलवर जाणाऱ्या पोरींसाठी कडेला हातभर वेगळी वाट का करू शकत नाही? तशी वाट होईपर्यंत, जेथे ट्रक भरधाव जातात तेथे मी कोणाच्याही मुलीला सायकल घेऊन जा म्हणणार नाही. गावातल्या मुलींना गल्लीबोळाची वाट शोधून द्यावी. थोडी लांब पडते, पण धीराची असते.

आता शेवटचा आणि अवघड भाग. फुटपाथ कोणी खाल्ला, याचा विचार केला तर बोट आपल्याकडेच वळते. जवाहर गेटच्या आतल्या जुन्या गल्ल्यांत फुटपाथ नाहीतच. तेथे पायी माणूस, सायकल, हातगाडी एकाच वाटेने जातात आणि एकमेकांना सांभाळून घेतात. आपल्या नव्या वस्त्यांत फुटपाथ बांधला, तर आपण त्यावर काय काय मांडले! आम्ही २०१६ साली घर बांधले तेव्हा गाडी आत घ्यायला सिमेंटचा उतार केला, तो थेट फुटपाथवर. त्यावर मी हौसेने आठ कुंड्या ठेवल्या. मिस्टरांची गाडी तेथेच उभी. आजी म्हणाल्या तशी मोटर त्या दिवशी दुसऱ्या कोणाची असेल, पण आमच्या दारात त्या पडल्या असत्या तर ती आमची असती. भाजीवाल्या बाईला उठवा, असे आपण चटकन म्हणतो. ती पोटासाठी बसते. तिला जागा आखून देण्यासाठी २०१४ सालचा कायदा आहे, तशी जागा नगरपालिकेने, महानगरपालिकेने द्यावी. कुंड्या आणि मोटारी मात्र पोटासाठी बसलेल्या नसतात. आणि रागावू नका, आज या सभेला आपण ज्या स्कूटी घेऊन आलो, त्या कोठे उभ्या आहेत ते परत जाताना जरा पाहा. मी येताना मोजल्या. चोवीस आहेत, साऱ्या फुटपाथवर.

गाडगेबाबांची समाधी आपल्या अमरावतीत आहे. बाबा गावात आले की आधी हातात खराटा घेऊन वाट झाडत, मग कीर्तन. उपदेश नंतर, झाडणे आधी. आपणही तसेच करावे. म्हणून मी मंडळापुढे तीन गोष्टी ठेवते.

पहिली, प्रत्येकीने आपल्या दारासमोरचा फुटपाथ येत्या पंधरा दिवसांत मोकळा करावा. आमच्या कुंड्या मी गच्चीवर नेल्या. उतार फोडायला गवंडी सांगितला आहे. मंडळाच्या सभेला येताना गाड्या पलीकडच्या मैदानात लावाव्या. दुसरी, रविवारी सकाळी मुलामुलींना एकत्र बोलावून सायकल रस्त्यावरून कशी चालवायची ते शिकवावे. डाव्या कडेने जायचे, उलट दिशेने कधी नाही. उभ्या मोटारीपासून दोन हात लांब राहायचे, कारण दार केव्हा उघडेल सांगता येत नाही. वळण्याआधी मागे पाहून हात दाखवायचा. अंधारात दिवा लावायचा. जुन्या काळी दिवा नसला तर पोलीस सायकलवाल्याला अडवत, असे आमच्या सासूबाई सांगतात, आणि ते काही वाईट नव्हते. गर्दी असली तर खाली उतरून सायकल हातात धरायची. तिसरी, शाळांच्या वेळेत शाळांच्या रस्त्यांवर जड गाड्या थांबवाव्या आणि डाव्या कडेला सायकलसाठी पट्टा आखून द्यावा, असा अर्ज मंडळाने महानगरपालिकेला आणि वाहतूक पोलिसांना द्यावा. मी पहिली सही करते.

माझ्या मुलीचे काय झाले, ते सांगायचे राहिले. तिची सायकल मी बंद होऊ दिली नाही. पण पहिला महिनाभर रोज पहाटे मी मिस्टरांच्या गाडीवर मागे बसून तिच्या मागोमाग जात असे. ती रस्त्याच्या डाव्या कडेने, आम्ही तिच्या मागे हळूहळू. मागून कोणी भोंगा वाजवला की माझ्या छातीत धस्स होई. अजूनही ती घरी येईपर्यंत माझे लक्ष फाटकाकडे असते. ते भय गेलेले नाही आणि गेले असे मी खोटे सांगणार नाही. बाबा सायकलवर निघताना भावाला सांगत, "मोठ्या गाडीसंग हट करू नये, अन् लहान मानसाच्या अंगावर जाऊ नये." ते तेव्हा भावाला सांगितले होते. मी ते आता माझ्या मुलीला सांगते.

त्या आजी आज पुढच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांचे मनगट अजून थंडीत दुखते. गेल्या नवरात्रात त्या पुन्हा पायी देवीला गेल्या, आणि आमच्या दारासमोरून जाताना त्यांना खाली उतरावे लागले नाही. मला एवढेच पुरे आहे.